उजेडाचा हिशेब

पहाटे ५.३०

आजचा रविवार मी आणि माझ्या मैत्रिणीने एकाच कामासाठी राखून ठेवला आहे: नागपूर ते कन्याकुमारी या आमच्या पहिल्या लांबच्या मोटारसायकल प्रवासाची आखणी. रामटेक, चिखलदरा, पचमढी, ताडोबा इथवर दोघींनीही गाड्या नेल्या आहेत. पण तिथे एखादी रात्र राहून माणूस घरी परततो. इथे रोज सकाळी उठून घरापासून आणखी दूर जायचं आहे, आणि तेही सलग आठवडाभर.

निघायची तारीख ठरवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे हक्काच्या सुट्ट्या दिवाळीत आणि उन्हाळ्यात. दिवाळीच्या सुमारास तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा. मे महिन्यात नागपूर-आदिलाबाद पट्ट्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. जानेवारीच्या मध्यावर संक्रांत आणि पोंगल, म्हणजे दक्षिणेत रस्ते आणि लॉज भरलेले. शिवाय संक्रांतीला नागपुरात नायलॉनचा मांजा असतो. बंदी असूनही तो विकला जातो आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे कापतो. म्हणून ठरवलं की शाळेतलं २६ जानेवारीचं झेंडावंदन आटोपायचं आणि २९ तारखेच्या गुरुवारी निघायचं. गळ्याभोवती जाड कापडी पट्टा तरीही बांधायचाच, कारण झाडांवर अडकलेला मांजा संक्रांतीनंतरही बरेच दिवस लोंबकळत असतो.

रजा मात्र मागावी लागेल. किती दिवसांची, ते आज रात्रीपर्यंत कळलं पाहिजे.

सकाळी ६.५०

दिवस उजाडला. आज सामानासकट चाचणी घ्यायची आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या बॅगांत खरे कपडे अजून भरलेले नाहीत, पण तेवढंच वजन हवं म्हणून जुनी पाठ्यपुस्तकं आणि तांदळाच्या पिशव्या घातल्या आहेत. जड सामान खाली आणि शक्य तितकं पुढे, हलकं वर. माझी गाडी दीडशे सीसीची, रोज शाळेत नेते तीच. मैत्रिणीची साडेतीनशेची आहे. प्रवासासाठी मोठी गाडी घ्यावी का, असं मला अनेकांनी सुचवलं. मला वाटतं, पहिल्या लांबच्या प्रवासाला ओळखीची गाडीच बरी. तिचा आवाज बदलला तर मला लगेच कळतं.

वर्धा रोडने निघालो. खापरी, बुटीबोरी, आणि पुढे जाम, जिथून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. बुटीबोरीपर्यंत कारखान्यांकडे जाणारी वाहनं आणि शेतांवर धुकं. सत्तरच्या वर वेग न्यायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. अर्ध्या तासात दोन गोष्टी ध्यानात आल्या. उजवी बॅग हळूहळू मागे सरकते आहे. आणि जाड जाकीट घातलं की आरशात रस्त्याऐवजी माझाच खांदा दिसतो आहे. दोन्ही गोष्टी घरी उभ्या गाडीवर कधीच कळल्या नसत्या.

सकाळी ८.१५

जामला तर्री-पोहे. मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे. खाली उतरल्यावर तिने आधी माझे तळहात पाहिले. “अगं, हँडल इतकं आवळून का धरतेस? कोपर सैल ठेव, पोट किंचित आत घे आणि गुडघ्यांनी टाकी धर. भार मांड्यांवर आला की मनगटं मोकळी होतात.” माझ्या उजव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या होत्या. तिच्या मते हा तळहातावर सतत दाब राहिल्याचा परिणाम. जाड हातमोज्यांनी थोडा फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे पाऊण-एक तासाने उतरून पाच मिनिटं चालणं. हा थांबा वगळून किलोमीटर वाढवायचे नाहीत, हे तिने तिथेच वदवून घेतलं.

पाण्याचा विषयही तिनेच काढला. रस्त्यावर स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी डोकं दुखायला लागतं, लक्ष उडतं. दुचाकीवर लक्ष उडणं म्हणजे थेट धोका. म्हणून पेट्रोल भरायचं ते मोठ्या पंपावर, जिथे बायकांसाठी वेगळी सोय दिसते, आणि टाकी अर्धी असली तरी तिथे थांबायचं.

परत आल्यावर घड्याळ पाहिलं. जाण्या-येण्याचे एकशे तीसएक किलोमीटर, थांब्यांसकट तीन तास. म्हणजे ताशी सरासरी त्रेचाळीस. काट्यावर सत्तर दिसत होते तरी! बाकीचं सगळं शहरातून बाहेर पडण्यात, थांबण्यात, पट्टा आवळण्यात गेलं. आजच्या दिवसाची ही पहिली कमाई, आणि पुढची सगळी आखणी याच आकड्यावर करायची आहे.

सकाळी १०.३०

गॅरेज. आमचे मेकॅनिक भाऊ ही गाडी नवी होती तेव्हापासून पाहत आले आहेत. मी कन्याकुमारी म्हटल्यावर त्यांनी आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक हाताने फिरवलं आणि कान देऊन ऐकलं.

“ताई, चेन-स्पॉकेट बदलूनच टाका. आता बरं वाटते, पण अर्ध्या रस्त्यात ताणलं तं भलत्या गावात सामान शोधत बसान.”

“मग निघायच्या दोन दिवस आधी आणू का गाडी?”

“नाही जी! नवीन सामान आधी दोन-तीनशे किलोमीटर चाललं पायजे. काही कमीजास्त असन तं इथंच कळन. शेवटच्या हप्त्यात गाडीले हातच नाही लावायचा. फक्त ऑइल आन् हवा.”

तयारी महिना-दीड महिना आधी का सुरू करायची, हे एवढ्यात कळलं. मग त्यांनी एकेक भाग पाहत यादी सांगितली आणि मी लिहून घेतली: मागचे ब्रेक-शू, एअर फिल्टर, प्लग, पुढच्या चाकाचे बेअरिंग तपासणे, मागचा टायर बदलणे. मागच्या टायरची नक्षी मधोमध झिजून सपाट झाली आहे. शहरात याने फारसं बिघडत नाही, पण ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारायला ती नक्षीच लागते.

क्लचच्या केबलची त्यांची युक्ती मला फार आवडली. नवी केबल बॅगेत ठेवायची नाही. ती जुन्या केबलच्या शेजारून तिच्याच वाटेने ओवून ठेवायची आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद करायची. जुनी तुटली की रस्त्याच्या कडेला फक्त टोकं बदलायची. टाकी खोलायला नको, केबलची वाट शोधायला नको.

त्यानंतरचा पाऊण तास पंक्चरचा. माझे टायर ट्यूबलेस आहेत. भाऊंनी कोपऱ्यातला एक टाकाऊ टायर काढला, त्यात मुद्दाम खिळा ठोकला आणि हत्यारं माझ्या हातात दिली. खिळा कोणत्या कोनात शिरला आहे ते आधी पाहायचं, मग पकडीने ओढायचा. त्याच कोनात कानशीसारखा टोचा घालून भोक खरवडायचं. हे काम ताकदीचं आहे, पहिल्यांदा टोचा आत जाईचना. मग सुईत रबराची चिकट पट्टी ओवून ती अर्धी आत दाबायची आणि सुई झटक्यात बाहेर खेचायची. बाहेर राहिलेलं शेपूट कापायचं, हवा भरायची आणि थुंकी लावून बुडबुडा येतो का ते बघायचं. दुसरा खिळा त्यांनी ठोकला तो टायरच्या बाजूच्या भिंतीत. “हे नाही निघत पट्टीनं,” ते म्हणाले. “इथं पंक्चर झालं तं गाडी टेम्पोत टाका, हट्ट नका करू.” काय दुरुस्त करता येत नाही तेही हाताने अनुभवून झालं, हे बरं.

त्यांनी पुढे जादा दिवे बसवण्याचंही सुचवलं. मी नको म्हटलं. अंधारात गाडी चालवायचीच नाही, असं आमचं ठरलं आहे. त्यांनी मान डोलावली, तरी मुख्य दिव्याचा एक बल्ब सामानात ठेवायला लावलाच.

दुपारी १.००

जेवताना बाबा. बाबांनी वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगवर नोकरी केली. त्यांच्या तोंडी हा रस्ता अजूनही ‘सात नंबर’ आहे. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले. वाराणसीहून नागपूरमार्गे कन्याकुमारीला जाणारा जुना सात नंबर मोडला, आणि त्याचा नागपूरपासून खालचा भाग श्रीनगर-कन्याकुमारी या नव्या चव्वेचाळीसमध्ये गेला, जो देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग आहे. बाबांना हे ठाऊक आहे, पण आकडा बदलत नाहीत.

त्यांच्याकडून मला ट्रकवाल्याची नजर शिकायची होती. ताटावरच वाटी-चमचे मांडून त्यांनी ती शिकवली. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुला दिसत नसेल, तर तूही त्याला दिसत नाहीस. उजवा दिवा लुकलुकला तर एखादा ड्रायव्हर ‘ये पुढे’ म्हणत असतो आणि दुसरा खरंच उजवीकडे वळत असतो. म्हणून त्या दिव्यावर विसंबायचंच नाही, रस्ता स्वतः मोकळा दिसला तरच जायचं. ट्रकच्या शेजारी रेंगाळायचं नाही, एकतर मागे राहायचं किंवा झटकन पुढे निघायचं. पुढे निघताना वारा अचानक बाजूने आदळतो, तेव्हा दचकून हँडल ओढायचं नाही. आणि कडेला उभ्या ट्रकच्या मागे गाडी लावून कधीही थांबायचं नाही.

“आमच्याकडे अपघाताचे फोन यायचे ते बहुतेक पहाटेचे, तीन ते पाचमधले,” बाबा म्हणाले. “चांगला मुरलेला ड्रायव्हरही त्या वेळी डुलकी काढतो.” अंधार टाळायचं आम्ही ठरवलं होतं ते खड्ड्यांमुळे आणि विनादिव्याच्या ट्रॉल्यांमुळे. बाबांनी त्यात समोरच्या माणसाच्या झोपेची भर घातली.

कन्याकुमारीच का, हे त्यांनी मला एकदाही विचारलेलं नाही. विवेकानंद शिलास्मारकासाठी देशभर एकेक रुपया गोळा झाला, त्यात शाळकरी वयातल्या त्यांचाही एक रुपया होता. ते काम तडीस नेणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, शिकले नागपुरात. १९७० साली स्मारक उभं राहिलं. बाबांनी ते अजून पाहिलेलं नाही.

दुपारी २.३०

खोलीत जमिनीवर दक्षिण भारताचा नकाशा पसरला. शेजारी फोन, पेन्सिल, शाळेची वही.

फोनवर विचारलं तर उत्तर सोपं आहे. नागपूर-हैदराबाद सुमारे ५००, हैदराबाद-बंगळुरू ५७०, बंगळुरू-कन्याकुमारी ६८० किलोमीटर. तीन मोठी शहरं, तीन टप्पे, तीन दिवस. अनेक जण असंच आखतात आणि त्यातले काही असंच पोचतातही. पण फोन जो वेळ सांगतो तो मोटारीचा असतो. पाठ, मनगट, तहान आणि थंडी त्याच्या हिशेबात नसतात. शिवाय शेवटचा ६८० चा टप्पा माझ्या त्रेचाळीसच्या सरासरीने जवळपास सोळा तासांचा होतो. जानेवारीच्या अखेरीस दिवस अकरा तासांच्या थोडा वर असतो. उरलेले पाच तास अंधारात.

म्हणून किलोमीटर बाजूला ठेवले आणि आधी उजेड मोजायला घेतला. २९ जानेवारीला नागपुरात सूर्य सातला काही मिनिटं असताना उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी सव्वासातला चाक हललं आणि दुपारी सव्वाचारला थांबलं, तर हाताशी नऊ तास येतात. त्यातून जेवणाचा एक तास वजा. आठ गुणिले त्रेचाळीस, म्हणजे ३४४. दिवसाला साडेतीनशे ही कमाल मर्यादा ठरली, आणि शक्यतो तीनशेच्या आत राहायचं. सव्वाचार ते सूर्यास्त हा वेळ शिल्लक ठेवायचा. पंक्चर, चुकलेला फाटा, बंद पडलेली गाडी, लॉजमध्ये नकार, असं काहीही झालं तर ते या पावणेदोन तासांत मावलं पाहिजे.

मला भूगोलाची शिक्षिका म्हणून आनंद झाला तो पुढच्या गोष्टीचा. हिवाळ्यात दक्षिणेकडे जावं तसा दिवस मोठा होत जातो. नागपूर २१ अक्षांशाच्या किंचित वर, कन्याकुमारी ८ अंशांवर. आम्ही पोचू तेव्हा तिथला दिवस निघालो त्या दिवसाच्या नागपूरपेक्षा जवळपास चाळीस मिनिटांनी मोठा असेल, आणि सूर्य साडेसहाच्या जरा आधी मावळेल. म्हणजे शरीर थकत जाईल तसा उजेड वाढत जाईल. त्याची दुसरी बाजूही आहे: या दिवसांत दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, आणि आमचं तोंड दक्षिणेलाच. भर दुपारचे दीड-दोन तास तो समोरून डोळ्यांत येणार. जेवणाची सुट्टी तेव्हाच घ्यायची.

आता मुक्काम. पहिला दिवस सोपा हवा. हिंगणघाट, मग वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्हा, पांढरकवडा, पाटणबोरी, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगण. आदिलाबादनंतर घाट उतरून निर्मल, लाकडी खेळण्यांचं गाव. नागपूरपासून २८० च्या आसपास. मुक्काम निर्मलला.

दुसऱ्या दिवशी लगेच गोदावरी, आणि मग हैदराबाद. त्या शहराभोवतीच्या १५८ किलोमीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर दुचाकीला मनाई आहे. म्हणजे शहरातून जाणं भाग आहे. कार्यालयांची गर्दी ओसरल्यावर, साडेअकराच्या सुमारास शिरायचं आणि शमशाबादकडून बाहेर पडायचं. मुक्काम जडचर्लाला.

तिसरा दिवस मला सगळ्यात हवासा वाटतो. कृष्णा, मग कर्नूलला तुंगभद्रा, आणि पुढे रस्त्याजवळच गुत्तीचा डोंगरी किल्ला. मुरारराव घोरपड्यांचं हे ठाणं. १७७६ साली हैदरअलीने ते घेतलं. इतिहासाच्या पुस्तकात ‘गुत्तीकर घोरपडे’ वाचताना गुत्ती नेमकी कुठे, हे आम्हाला कधी कुणी नकाशावर दाखवलं नव्हतं. त्या दिवशी अंतर कमी ठेवलं, मुक्काम अनंतपूरला, म्हणजे किल्ल्यासाठी दोन तास निघतात.

चौथा दिवस रविवार. गुरुवारी निघण्याचं हेच खरं कारण: बंगळुरू रविवारी ओलांडायचं. वाटेत लेपाक्षीला वळून तो एकसंध दगडाचा नंदी पाहायचा आणि होसूरला टेकायचं. पाचव्या दिवशी कृष्णगिरी, धर्मपुरी आणि तोप्पूरचा घाट. हा घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. लांब उतारावर अवजड ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात आणि ते पुढच्या वाहनांवर जातात. तिथे पुढे काय आहे याइतकंच मागून काय येतं आहे हे पाहायचं, गाडी खालच्या गिअरमध्ये, डाव्या बाजूने. वहीत या ओळीखाली दोन रेघा मारल्या. सेलम, नामक्कल, मग कावेरी ओलांडून करूर. मुक्काम.

करूरहून कन्याकुमारी ३८५ च्या आसपास. मर्यादेबाहेर. म्हणजे तिरुनेलवेलीला थांबायचं आणि सातव्या दिवशी सकाळी उरलेले ८५. सहा दिवस आणि एक सकाळ.

संध्याकाळी ५.००

कागदपत्रांचं काम झटपट झालं. गाडीची नोंदणी, विमा, पीयूसी, परवाना: फोनमध्ये डिजिलॉकरवर आणि झेरॉक्स वेगळ्या पाकिटात. माझ्या विम्याची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन प्रवासात संपते आहे, ती आजच वाढवली. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर दुचाकीला टोल नाही, कडेच्या अरुंद पट्टीतून जायचं. आणीबाणीला ११२, महामार्गावरच्या मदतीला १०३३. रक्तगट आणि घरचे दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हेल्मेटच्या आत आणि जाकिटाच्या खिशात. हेल्मेटवर आयएस ४१५१ ची खूण आहे, काच रंगीत नाही, साधी पारदर्शक.

परतीचंही ठरलं. गाड्या चालवत परतायला रजा पुरणार नाही. कन्याकुमारीहून आठवड्यातून एकदा सुटणारी हिमसागर एक्स्प्रेस नागपूरवरून जाते. गाड्या रेल्वेच्या पार्सलने पाठवायच्या. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, गोणपाटाने बांधणी करावी लागते, नोंदणीची आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. त्यासाठी आदला पूर्ण दिवस हाताशी हवा.

संध्याकाळी ७.१५

नकाशा अजून जमिनीवरच होता. आई दाराशी येऊन उभी राहिली, मग खाली बसली. “मदुरैपर्यंत जाता आहात तर रामेश्वर केवढं लांब आहे गं?”

आमच्या देवघरात गंगेचा सीलबंद गडू आहे, आजी काशीहून आली तेव्हाचा. काशीची गंगा रामेश्वराला घालायची, ही आजीची राहिलेली इच्छा. मी तोंडाने म्हटलं, “आई, ते वाकडं पडतं, दीड-पावणेदोनशे किलोमीटर.” पण पेन्सिल हातात होती म्हणून पुन्हा मोजायला बसले.

करूर ते मदुरै १४०, मदुरै ते रामेश्वर १७०. एकूण ३१०. मर्यादेत. रामेश्वरहून कन्याकुमारीला मदुरैला परत यायची गरजच नाही. रामनाथपुरमहून किनाऱ्याकिनाऱ्याने तुतिकोरीन, तिरुचेंदूर, कन्याकुमारी. तेही साधारण ३१०. सहावा दिवस रामेश्वर, सातवा कन्याकुमारी. बुधवारी सकाळी पोचायचं ते बुधवारी संध्याकाळी, दिवस तेवढेच!

मी दोनदा ताडून पाहिलं. रोज पाचशे-सहाशे मारायच्या आखणीत रामेश्वर म्हणजे एक दिवस जास्त. साडेतीनशेच्या मर्यादेत मात्र ते अलगद बसतं, कारण शेवटी ८५ किलोमीटरचा एक तुटका तुकडा उरतच होता. आईला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, उठून गडू पुसायला घेतला. मी त्याचं वजन केलं. अर्ध्या किलोच्या आत आहे, डाव्या बॅगेत तळाशी राहील.

एक नोंद वाढवली: पांबनचा रस्त्याचा पूल, सव्वादोन किलोमीटरहून अधिक लांब, दोन्ही बाजूंना उघडा समुद्र. बॅगांमुळे गाडी वारा जास्त धरते. तिथे वेग तीस-चाळीस, आणि पुलावर थांबून फोटो काढायचे नाहीत.

रात्री ८.३०

मैत्रिणीशी फोन. तिने नवा मार्ग नकाशावर स्वतः मोजला आणि मगच हो म्हटलं. मग आपापसातल्या नियमांची बोलणी झाली. माझी गाडी लहान, म्हणून मी पुढे. मागची गाडी सहज वेग जुळवते, पुढची मोठी असली की मागचीला धावावं लागतं. चुकामूक झाली तर फोन करत गाडी चालवायची नाही, पुढच्या डाव्या हाताच्या पेट्रोल पंपावर थांबायचं. दोघींपैकी कुणीही ‘थांबू या’ म्हटलं तर का, असं विचारायचं नाही. यावर ती ठाम होती. तिच्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी कितीतरी जणांनी दुखणं सुरू झालं तेव्हा सोबतच्यांसमोर बोलायला संकोच केलेला असतो.

“आणि पाळी आली तर?” तिने विचारलं. तारखा पाहिल्या, तिची पाचव्या दिवसाच्या आसपास येते. करूरचा टप्पा २६० चा आहे, तो हवं तर नामक्कललाच संपवता येईल. दुसऱ्या दिवशी मदुरैपर्यंत जाऊन रामेश्वर एक दिवस पुढे जाईल आणि कन्याकुमारीतला विसाव्याचा दिवस कमी होईल. दोघींनी हे मान्य केलं.

मग निर्मल आणि जडचर्लाच्या लॉजना फोन लावले. एकाने गाड्या आत लावायला जागा आहे म्हटलं, दुसऱ्याने रस्त्यावरच लावा म्हटलं. दुसरा रद्द. बाकीचे मुक्काम पुढच्या रविवारी.

रात्री १०.००

रजेचा अर्ज लिहिला: २९ जानेवारी ते ७ फेब्रुवारी. मुख्याध्यापिका बाई पहिला प्रश्न माझ्या तासांचा करतील, म्हणून सोबत एक कागद जोडला. आठवीच्या मुलांनी या काळात रोज नागपूरच्या सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ शाळेच्या फळ्यावर लिहायची. मी प्रत्येक मुक्कामाहून तिथल्या वेळा आणि अक्षांश पाठवीन. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायचे. सातव्या दिवशी दोन रेषांमध्ये किती अंतर पडतं ते मुलांनी आधी स्वतः अंदाजाने लिहून ठेवायचं आणि तो कागद मी परत येईपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यायचा.

उद्या शाळा सुटल्यावर गॅरेजमध्ये टायर येतो आहे का, विचारायचं आहे.